साप चावल्यावर रक्त गोठतं का?

मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो. वाटीतल्या रक्तात घोणशीच्या विषाचा थेंब पडतो आणि बघता बघता रक्ताचा गोळा होतो. तो पाहून अनेकांचा समज पक्का होतो, की विषानं रक्त थिजतं, नसा तुंबतात आणि माणूस जातो. मग चावलेल्या जागी ब्लेड मारून ‘घट्ट झालेलं’ रक्त काढायचं, वर करकचून दोर बांधायचा. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे पावसाळाभर माणसं शेतात नि रानात अनवाणी वावरतात, हा समज जिवावर बेततो.

व्हिडिओ खोटा नाही, पण वाटीत रक्त थोडं आणि त्या मानानं विष भरपूर असतं. शरीरात वेगळं घडतं. खरचटलं की रक्तातली प्रथिनं एकामागून एक कामाला लागतात आणि शेवटी फायब्रिनोजेनपासून तंतूंचं जाळं विणलं जाऊन गुठळी बसते. घोणस आणि फुरसं यांचं विष हीच साखळी जखम नसतानाही सुरू करतं. रक्तात बारीक जाळी तयार होत राहतात, विरघळत राहतात, आणि काही तासांत फायब्रिनोजेनचा साठाच संपतो. त्यानंतर रक्त गोठेनासं होतं. हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचल्या जागेतून ते वाहत राहतं. अशा माणसाला ब्लेड मारणं म्हणजे न थांबणारी जखम करून देणं. दोरानं विष अडत नाही, उलट आधीच सुजलेल्या हातापायाचं मांस मरतं.

रक्त गोठवणारी साखळी सुरू करण्याच्या विषाच्या या गुणाचा वैद्यकानं उपयोगही केला आहे. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन या संशोधकानं हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तस्राव थांबवायला घोणशीचं विरल केलेलं विष जखमेवर लावलं होतं.

विष ‘चढलं’ की नाही हे पाहायला गावात कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला नाही तर विष चढलं म्हणायचं. घाबरलेल्या माणसाच्या जिभेवर असा भरवसा ठेवता येत नाही. खरी परीक्षा याहून अवघड नाही आणि तिला वीजही लागत नाही. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलीटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं, तर विषानं गोठण्याची शक्ती संपवली आहे. प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली नळी चालत नाही, कारण तिच्यात निरोगी माणसाचं रक्तही नीट गोठत नाही. सातपुड्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात हे करता येतं, आणि माझ्या मते प्रत्येक केंद्रात अशा नळ्या हाताशी असायलाच हव्यात.

पण नळीत गुठळी बसली म्हणजे धोका टळला, हाही गैरसमजच. घोणशीचा परिणाम उशिरा दिसू शकतो, म्हणून चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. नाग आणि मण्यार यांचं विष तर मज्जातंतूंवर घाव घालतं. रक्त व्यवस्थित गोठतं, पण पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास थांबतो. मण्यार रात्री झोपेत चावते, वेदनाही फारशी होत नाही.

या चारही सापांवर भारतात एकच प्रतिविष वापरतात. ते घोड्यांच्या रक्तापासून बनतं, शिरेतून देतात, आणि चावलेला साप मारून सोबत आणायची काहीही गरज नसते. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रुग्णाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, नर्मदाकाठी बोटीनं. त्या वाटेवर चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या, कडी, जोडवी सूज येण्याआधी काढावीत, रुग्णाला चालवू नये आणि भगताच्या दारी थांबू नये.

दवाखान्यात प्रतिविष दिल्यावर रक्त लगेच गोठू लागत नाही. संपलेलं फायब्रिनोजेन यकृताला नव्यानं तयार करावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून डॉक्टर साधारण सहा तासांनी पुन्हा काचेच्या नळीत रक्त घेतात आणि ते अजून पातळच असेल, तर प्रतिविषाचा पुढचा डोस देतात.