चार तासांत कोयना

पावसाळा लागला की पेपर उघडून आधी धरणांचे आकडे वाचणारा एक जण आपल्याकडे घरोघरी असतो. कोयनेत आज किती टीएमसी? १०५ टीएमसीचं ते धरण भरायला सह्याद्रीतला मुसळधार पाऊसही दोन-अडीच महिने घेतो. ॲमेझॉनचा प्रवाह तिकडे वळवता आला असता, तर साधारण चार तासांत कोयना भरून सांडव्यावरून वाहू लागली असती. ही नदी दर सेकंदाला सुमारे २ लाख घनमीटर पाणी अटलांटिकमध्ये ओतते. दिवसाचे होतात १,७०० कोटी टन. जगातल्या साऱ्या नद्या मिळून समुद्राला जेवढं पाणी देतात, त्यातला जवळपास पाचवा वाटा या एकटीचा.

आणि हा तिच्या जमाखर्चातला लहान आकडा आहे.

आधी जमा बघू. ॲमेझॉनचं खोरं ६० लाख चौरस किलोमीटरांहून मोठं, भारताच्या जवळजवळ दुप्पट. वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे २,२०० मिलिमीटर. म्हणजे दारातल्या मोठ्या रांगोळीएवढ्या, एक चौरस मीटर जागेवर वर्षाला २,२०० लिटर पाणी. दोनशे लिटरची अकरा पिंपं. साऱ्या खोऱ्याचा हिशेब केला, तर रोजचे सरासरी ३,७०० कोटी टन. त्यातले १,७०० कोटी नदीतून गेले. मग रोजचे २,००० कोटी टन जातात कुठे?

वर. मुळांनी ओढलेलं पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन हवेत जातं. डेरेदार असं एखादं मोठं झाड दिवसाला १,००० लिटरपर्यंत पाणी सोडतं, म्हणजे घराच्या गच्चीवरची टाकीच. कोरड्या महिन्यांतही हे थांबत नाही, कारण पूर्व ॲमेझॉनमध्ये झाडांची मुळं आठ मीटरांहून खोल गेलेली सापडली आहेत. पायाखालून वाहणाऱ्या नदीपेक्षा डोक्यावरून जाणारी नदी मोठी आहे. ब्राझीलमध्ये या वाफेच्या प्रवाहांना ‘उडत्या नद्या’ असंच म्हणतात.

एवढं पाणी वर चढवायला इंधन किती लागत असेल? एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. ब्राझील-पॅराग्वेच्या सीमेवरचा इताइपू जलविद्युत प्रकल्प १४,००० मेगावॅटचा. तसे ४०,००० प्रकल्प रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालवावे, तेव्हा कुठे ही बेरीज जुळते. इथे ते काम ऊन करतं, फुकट.

पण वर गेलेली वाफ त्याच खोऱ्यात पुन्हा पाऊस होऊन पडते, हे कळलं कसं? त्याचा पुरावा थेंबातच होता. पाण्याचे काही रेणू जड असतात, कारण त्यांच्यातला ऑक्सिजन किंवा हायड्रोजन नेहमीच्यापेक्षा वजनदार असतो. ढगातून पाऊस पडताना हे जड रेणू आधी खाली येतात. त्यामुळे समुद्रावरचा वारा जसजसा आत शिरतो, तसतसा पाऊस ‘हलका’ होत जायला हवा. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेयास सालाती यांनी १९७०च्या दशकात अटलांटिकपासून पश्चिमेकडे ठिकठिकाणचं पावसाचं पाणी तपासलं. ते अपेक्षेएवढं हलकं होतच नव्हतं. वाटेत कुणीतरी जड रेणू परत हवेत टाकत होतं: पानं. मुळांनी जसं उचललं, जवळजवळ तसंच पाणी ती वर पाठवतात. निम्मा पाऊस असा फिरून आलेला असावा, असा सालातींचा निष्कर्ष होता. पुढच्या अनेक अभ्यासांत हा वाटा पाव ते एक तृतीयांश निघाला.

म्हणजे या पावसाचे पत्ते दोन, समुद्र आणि झाडं. दक्षिण ॲमेझॉनमध्ये तर झाडं समुद्राची वाटही बघत नाहीत. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहाने टिपलेल्या जड रेणूंवरून दिसलं, की तिथल्या पावसाळ्याची सुरुवात पानांतून निघालेली वाफ करून देते. समुद्रावरून येणारा पावसाचा पट्टा त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पोचतो.

खोऱ्यात न पडलेली वाफ पश्चिमेला अँडीजच्या भिंतीवर थडकते आणि दक्षिणेकडे वळते. तिथल्या रिओ दे ला प्लाता खोऱ्याचं सुमारे ७० टक्के पाणी ॲमेझॉनमधून वाफ होऊन गेलेलं असतं, असा एक अंदाज आहे.

आता एक मोठं झाड तोडलं तर काय होतं? त्याचं हजार लिटर पाणी नाहीसं होत नाही. त्यातलं बरंचसं ओढ्यात उतरतं, नदीत जातं, समुद्राला मिळतं. सुरुवातीला तर नदी जरा भरलेलीच दिसते. पण दोन-तीनदा बरसू शकणारं पाणी एकदाच बरसून संपलं, आणि तूट दिसते ती शेकडो किलोमीटर पश्चिमेला, जिथे कुणी कुऱ्हाड उचललेली नसते.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मनाउस शहराच्या बंदरात १९०२पासून रिओ नेग्रो या उपनदीच्या पाण्याची पातळी नोंदवली जाते. ऑक्टोबर २०२४मध्ये ती आजवरच्या नीचांकाला गेली. त्याच शहरापासून दीडशे किलोमीटरवर, भर जंगलात, जवळजवळ आयफेल टॉवरच्या उंचीचा ३२५ मीटरचा मनोरा उभा आहे. झाडांच्या शेंड्यांवरून वाहणाऱ्या हवेतली वाफ आणि वायू तो मोजतो. बंदरातली पट्टी सांगते नदीत किती पाणी उरलं. ते पुढे येणार की नाही, याचा माग मनोऱ्यावरच्या नोंदींत काढावा लागतो.