हगाम्यातला फोटो चांगला यायचा असेल तर आधी कुस्ती नीट बघा

जामखेड : यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो. नारळ फोडताना, पाहुण्यांना फेटा बांधताना, इनाम देताना. पण ज्या पोराने वर्षभर तालमीत घाम गाळला, त्याचा डाव टाकतानाचा एकही फोटो त्यात सापडत नाही. सापडलाच तर हललेला. शाळांच्या कबड्डी, खो-खो स्पर्धांचीही हीच गत. मोबाईल सगळ्यांच्या हातात, पण खेळाचा फोटो कोणाकडे नाही.

खेळाचे फोटो काढायची हौस असलेली तरुण पोरं म्हणतात, इथं काढण्यासारखं आहेच काय? मोठं स्टेडियम नाही, लाखाचा कॅमेरा नाही. खरं तर जे आपल्या गावात कोणी टिपत नाही, तिथूनच या कामाची सुरुवात होते.

जागा महत्त्वाची

खेळाच्या फोटोंमध्ये जगभर गाजलेला एक फोटो मुष्टियोद्धा मोहम्मद अली याचा आहे. 25 मे 1965 रोजी अमेरिकेतील लुईस्टन गावात अलीने सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत खाली पाडले. पडलेल्या लिस्टनसमोर ओरडत उभा असलेला अली नील लायफर या 22 वर्षांच्या फोटोग्राफरने टिपला. त्याच फोटोत अलीच्या पायांमधून समोरच्या बाजूला दुसरा अनुभवी फोटोग्राफर दिसतो. त्याच्याकडेही कॅमेरा होता, पण त्याला अलीची पाठ दिसत होती. फरक फक्त कोण कुठल्या बाजूला आहे एवढाच.

हेच हगाम्यातही होते. चितपट म्हणजे दोन्ही खांदे जमिनीला टेकणे. तुम्ही ज्या बाजूला बसलात, तिथून एकच खांदा दिसतो, दुसरा अंगाखाली झाकलेला असतो. 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीत हाच वाद पेटला. पंचांनी शिवराज राक्षे यांना पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्ध चितपट ठरवले. राक्षे यांचे म्हणणे, खांदे टेकलेच नाहीत. पुढे मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले. चर्चा मात्र कुठल्या बाजूने काय दिसते यावर बराच काळ चालली.

म्हणून एका फोटोवरून 'निकाल चुकला' असं लिहून ग्रुपवर टाकू नये. त्यावरून गावागावांत तेढ वाढते. एक क्षण दिसला म्हणजे पूर्ण डाव दिसला असं नसतं.

फोटो हलतो का?

साधा हिशेब पाहू. शाळेतला मुलगा 100 मीटर 14 सेकंदांत पळाला तर तो सेकंदाला सात मीटरच्या आसपास जातो. मोबाईलने सेकंदाच्या पन्नासाव्या भागात फोटो घेतला तर तेवढ्यात तो 14 सेंटिमीटर पुढे सरकतो. फोटो हलणारच. हजाराव्या भागात घेतला तर तो फक्त 7 मिलिमीटर सरकतो.

बऱ्याच मोबाईलमध्ये 'प्रो' मोड असतो. त्यात शटरचा आकडा 1/500 किंवा 1/1000 ठेवावा. त्यासाठी उजेड भरपूर लागतो. दुपारच्या कुस्त्यांना अडचण नाही, पण दिवे लागल्यावर फोटो काळा येतो. अशा वेळी आकडा थोडा कमी करावा आणि पैलवान सलामीला किंवा पकडीत थांबलेले असताना फोटो घ्यावा. फ्लॅशचा उजेड आखाड्याच्या मध्यापर्यंत पोचत नाही, वर पैलवानाचं लक्ष विचलित होतं. तो बंदच ठेवावा.

झूमही करू नये, फोटो फुटतो. त्यापेक्षा पुढे जाऊन खाली बसावं. आखाड्याच्या कडेला मातीलगत मोबाईल धरला की पैलवान मोठे दिसतात आणि मागचे खांब-बॅनर कमी येतात. ऊन पाठीमागे ठेवावं. पंचांची परवानगी घ्यावी, फडात पाय टाकू नये.

डाव ओळखता आला पाहिजे

बटण दाबायची वेळ मोबाईल सांगत नाही. ढाक लागणार, हे पैलवानाच्या पायावरून वस्ताद आधीच ओळखतात. खो-खोत पळणारा खांबाकडे झेपावणार, कबड्डीत चढाई करणारा मध्यरेषेकडे वळणार, हे रोज खेळ बघणाऱ्याला कळतं. म्हणून चार दिवस तालमीत मोबाईल खिशात ठेवून नुसतं बसावं. काय टिपायचं ते तिथेच सुचतं : पहाटेच्या बैठका, अंगाला लागलेली लाल माती, वस्तादांची नजर, हरल्यावर एका बाजूला बसलेला पोरगा.

मात्र हरलेल्याचा फोटो टिंगलीसाठी टाकू नये. मुलींचे आणि लहान मुलांचे फोटो पालकांना, शिक्षकांना विचारूनच टाकावेत.

शेवटचं काम

फोटो खेळाडूला पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवला तर दर्जा कमी होतो, मोठी प्रिंट नीट येत नाही. सोबत नाव, गाव, वजनगट आणि तारीख लिहा. पुढच्या यात्रेपर्यंत कोण कोणाशी लढलं हे लोक विसरतात. लिहून ठेवलेला फोटो मात्र त्या पोराच्या घरी भिंतीवर राहतो.