डाळिंबाच्या बागेतलं क्षयाचं औषध

तेल्या हा डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग. त्याचा डाग पानावर पहिल्यांदा पाण्यात भिजल्यासारखा दिसतो. पान उजेडाकडे धरलं की तो तेलकट चमकतो, पुढे काळा पडतो. फळावर आला की साल तडकते आणि माल मातीमोल होतो. 2000 नंतरच्या दशकात कसमादेत, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यात, तेल्यापायी कितीतरी बागा मोडाव्या लागल्या.

काही वर्षांपूर्वी सटाण्याकडच्या एका बागेत मी फवारणी बघत उभा होतो. मालकाने पाण्यात कॉपर ऑक्सिक्लोराईड कालवलं आणि सहा-सहा ग्रॅमची पाकिटं फाडायला घेतली. शंभर लिटरला 50 ग्रॅम, म्हणजे आठ पाकिटं रिकामी करून नववं उघडायचं. नाव स्ट्रेप्टोसायक्लिन, नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लिन.

स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयावर लागू पडलेलं पहिलं अँटिबायोटिक. अमेरिकेतल्या रटगर्समध्ये सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी 1943 मध्ये ते मातीतल्या जिवाणूपासून वेगळं केलं. ते रायबोसोमला चिकटतं, त्यामुळे जिवाणूच्या पेशीत चुकीची प्रथिनं बनतात आणि जिवाणू मरतो. याच अमिनोग्लायकोसाइड कुळातलं जेंटामायसिन आजही नवजात बाळाच्या जंतुदोषात सुईने देतात. स्ट्रेप्टोमायसिन एकरच्या एकर झाडांवर उडवलं की पानांवरच्या आणि मातीतल्या असंख्य जिवाणूंना त्याची सवय होते, आणि औषध न जुमानण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, माणसाला आजारी पाडणाऱ्याकडेही, जाऊ शकतो. मला हे फार धोक्याचं वाटतं.

“भाऊ, बाग उभी ठेवायची तर दुसरं करू काय?” मालकाने विचारलं. प्रश्न रास्त होता. डोक्यावर कर्ज, वर ढगाळ हवा.

उत्तर त्याच्याच बागेत, छाटणीच्या वेळी दिसलं. रोगट फांदी डागाच्या दोन इंच खाली कापायची. एक झाड झालं की कात्री हायपोक्लोराईटच्या पाण्यात बुडवायची, मगच दुसऱ्याला हात लावायचा. गळालेली पानं-फळं वेचून जाळायची, विश्रांतीच्या काळात एक टक्का बोर्डो मिश्रण मारायचं. पावसातला मृग बहार सोडून हस्त बहार धरायचा. काम कंटाळवाणं आहे, मजुरी वाढते. पण तेल्या कात्रीवरून, पावसाच्या शिंतोड्यांतून आणि रोगट रोपांतून पसरतो, तो इथेच अडतो.

डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन या दोन्ही औषधांचा शेतीतला वापर 1 जानेवारी 2024 पासून बंद करण्याचा मसुदा काढला. बागायतदारांना माझी विनंती आहे: घरात जुनी पाकिटं उरली असतील तर ती टाकीत ओतू नका, आणि गुटी कलमं घेण्याआधी मातृबाग तेल्यामुक्त आहे का ते स्वतः जाऊन बघा.