धरणकांठच्या शेतकऱ्यास विजेच्या मोटरीची होडी

औंढा नागनाथ तालुक्यांत पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे व त्याच्या वरच्या अंगास येलदरीचें धरण आहे. येलदरीच्या वीजघरांतून सुटलेलें पाणी सिद्धेश्वरांत येतें, म्हणून कांठची पातळी पावसावांचूनही कमीजास्त होते. कांठावर ज्यांचे पंप आहेत त्यांस हें नित्याचें आहे. पाणी मागें सरलें कीं पाईप लांबवावा लागतो, फूटव्हॉल्व्ह खोल पाण्यांत हलवावा लागतो, आणि गाळपेरीच्या पलीकडील तुकड्यावर जावयाचें तर पाणी ओलांडावें लागतें. हीं कामें आजही पुष्कळ ठिकाणीं थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा गुळाच्या काहिलींत बसून केलीं जातात. काहील एका अंगास कलली कीं उलटते, हें सांगावयास नको.

हल्लीं हवा भरण्याची रबरी होडी व तिला मागें लावण्याची विजेची मोटर बाजारांत मिळते. ही कल्पना नवी नाहीं. फ्रान्समध्यें गुस्ताव त्रूवे यानें १८८१ सालीं सीन नदीवर विजेच्या मोटरीनें होडी चालवून दाखविली होती. अमेरिकेंत १९३४ सालीं श्मिट नांवाच्या गृहस्थानें मोटारगाडीच्या स्टार्टरपासून होडीची मोटर बनविली. तथापि घेणारानें काय पाहावें, हें दुकानदार क्वचितच सांगतो. म्हणून आमच्या अनुभवांतून चार गोष्टी लिहितों.

पहिली गोष्ट होडीची. तिच्यांत हवेचे कप्पे तीनपेक्षां कमी नसावेत, आणि मागें मोटर अडकविण्यास पक्की फळी असावी. किती वजन व किती शक्तीची मोटर चालेल, हें होडीवरील पट्टीवर लिहिलेलें असतें. तें वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत.

दुसरी गोष्ट मोटरीच्या जोराची. हा जोर पौंडांत सांगतात. साधा हिशेब असा कीं, एकूण भाराच्या दर ५० किलोस सुमारें एक किलो, म्हणजे दोन पौंडांहून थोडा अधिक जोर लागतो. होडी, दोन माणसें, बॅटरी व पान्हेपाईप मिळून २५० किलो धरले तर ११ पौंड पुरतात. परंतु हा हिशेब शांत पाण्याचा. रबरी होडी हलकी असून पाण्यावर उंच राहते, म्हणून वारा तिला पाचोळ्यासारखी ढकलतो. याकरितां तिप्पट-चौपट जोर, म्हणजे ३५ ते ४५ पौंड, जमेस धरावा. त्याहून मोठी मोटर घेऊन लाभ थोडा. आठनऊ फुटांची होडी ताशीं सहासात किलोमीटरांपलीकडे सहसा जात नाहीं. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति सुमारें आठपट लागते, आणि बॅटरी तेवढीच लवकर रिती होते.

तिसरी गोष्ट बॅटरीची, आणि येथेंच बहुतेक फसतात, आम्हीही फसलों. घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी होडींत ठेवून आम्ही एका सकाळीं पंपाकडे निघालों. तिच्यावर १०० अँपिअर-तास लिहिलें होतें, म्हणून निश्चिंत होतों. जातांना वारा पाठीशीं होता. परततांना तो समोरून सुटला, मोटर पूर्ण वेगानें चालवावी लागली, आणि पाऊण वाटेवर ती मंदावून थांबली. वल्हीं कांठावरच राहिलीं होतीं. होडी वाहत बुडित बाभळीच्या खुंटांवर गेली व एक कप्पा फाटला. बाकीचे कप्पे शाबूत होते म्हणून आम्ही तरंगत राहिलों; एका मच्छीमार बांधवानें दोर टाकून आम्हांस कांठास आणलें.

मागाहून कारण उमगलें. लेबलावरील आंकडा बहुधा २० तासांत सावकाश, म्हणजे ५ अँपिअरनें वीज घेतल्यास खरा असतो. मोटर पूर्ण जोरानें ३० ते ४५ अँपिअर खाते. तशा ओढीखालीं शिशाची बॅटरी लिहिल्यापेक्षां बरीच कमी वीज देते, जुनी असल्यास त्याहूनही कमी, आणि ती निम्म्याखालीं वारंवार उतरविल्यास लवकर निकामी होते. म्हणून शिशाची बॅटरी घेतल्यास निम्मीच आपली समजावी. लिथियम फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारें १२ किलो भरते, शिशाची ३० किलोंच्या आसपास. शिवाय पहिलीतील चारपंचमांश वीज खुशाल वापरतां येते. ती महाग खरी, पण रोज कांठापर्यंत उचलून नेणाराच्या पाठीचाही हिशेब करावा. मोटारगाडीची बॅटरी मात्र या कामास घेऊं नये. ती क्षणभर मोठा झटका देण्यासाठीं असते, तासभर ओढण्यासाठीं नव्हे.

चौथी गोष्ट जोडणीची. वायर जाड व आंखूड असावी, बॅटरीजवळ योग्य फ्यूज असावा, आणि बॅटरी झांकणाच्या पेटींत बांधून ठेवावी. मोटरीचा दांडा इतका लांब असावा कीं पंखा पूर्ण पाण्याखालीं राहील. पण उथळ जागीं तो वर उचलतां आला पाहिजे. मच्छीमारांचें जाळें व पाणवनस्पति पंख्यास गुंडाळतात. अशा वेळीं आधीं वीज तोडावी, मगच हात घालावा. चैत्राच्या उन्हांत होडी कांठावर ठेवतांना थोडी हवा सोडावी, कारण तापलेली हवा फुगून सांधे उसवते.

होडी पाण्यांत घालण्यापूर्वी पाटबंधारे खात्याच्या कचेरींत परवानगी विचारावी. धरणाच्या भिंतीजवळ व दरवाजांकडे कदापि जाऊं नये. जीवरक्षक जाकीट प्रत्येकानें अंगांत घालावें. होडींत नुसतें ठेवलेलें जाकीट कोणास तारीत नाहीं. जातांना वाऱ्याविरुद्ध जावें, म्हणजे परततांना वारा साह्य करतो. आणि निम्मी वीज संपण्याआधींच माघारी वळावें.

मोटर कितीही चांगली असली तरी दोन वल्हीं होडींत बांधलेलीं असावींत. आमचीं त्या दिवसापासून सुटलेलीं नाहींत.