मालवणचा समुद्र आणि घरांतील पंचांग

सुटी लागली कीं समुद्रकिनारीं जावें, असें हल्लीं घरोघर ठरतें. मालवण व त्याच्या दक्षिणेचा तारकर्ली-देवबागचा किनारा त्यासाठीं विशेष आवडता झाला आहे. निघण्यापूर्वीं राहण्याची व जेवणाची चौकशी सर्वजण करतात. तिथि मात्र कोणी पाहत नाहीं. आमच्या मतें ती आधीं पाहावी.

कोंकणांतील दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा कीं, तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ठोकळ मानानें निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. आणि तेथून साधारण सहा तासांनीं ओहोटी. गांवपरत्वें थोडें मागेंपुढें व्हावयाचेंच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतें. पाणी पुष्कळ चढतें, पुष्कळ उतरतें, व त्याची ओढहि तशीच. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हां पाणी त्या मानानें शांत. एकादशी चुकूं नये म्हणून पंचांग उघडणाऱ्या आपल्या घरांत हा हिशेब आजीनेंहि नातवास सहज शिकवावा.

देवबागेस तर त्याचें महत्त्व फार. तेथें एका बाजूस कर्ली नदी, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि मध्यें जमिनीची चिंचोळी पट्टी. ओहोटीच्या वेळीं संगमावर नदीचें व भरतीचें पाणी मिळून बाहेर धांव घेतें. तेथें पोहण्यास उतरूं नये, मग पोहणारा कितीहि पटाईत असो. समुद्रांत ओढ लागलीच तर सरळ किनाऱ्याकडे झुंजत येण्यापेक्षां किनाऱ्यास समांतर जावें व ओढ सुटल्यावर वळावें.

सिंधुदुर्ग किल्ला सर्वांस ठाऊक आहे. १६६४ सालीं शिवाजीमहाराजांनीं कुरटे बेटावर त्याचें काम आरंभिलें. खाऱ्या पाण्याच्या वेढ्यांत असूनहि आंतील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींचें पाणी गोडें आहे. पण त्याच्या आसपासच्या खडकांवर पाण्याखालीं प्रवाळ आहे, हें पुष्कळांस तेथें गेल्यावरच कळतें. या भागास १९८७ सालीं सागरी अभयारण्य ठरविण्यांत आलें. डोळ्यांवर कांच व तोंडांत नळी धरून वरूनच पाहावें, किंवा पाठीवर हवेचें नळकांडें बांधून वाटाड्यासह खालीं जावें. दोन्ही सोयी तेथें आहेत.

आम्ही सहकुटुंब गेलों तेव्हां साठी उलटलेल्या आमच्या आत्याबाईहि पोशाख बदलून उतरल्या. बायकांनीं वाळूंत बसून सामान राखावें, ही रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं. लुगडें नेसून मात्र पाण्यांत जाऊं नये, तें पायांत अडकतें. शेजारचा एक मुलगा दम खाण्यास प्रवाळावर उभा राहूं लागला, तों आत्याबाई म्हणाल्या, “पाय देऊं नको रे, तें जिवंत आहे!” हें अक्षरशः खरें होय. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. अनेक जातींची वाढ वर्षाला कांहीं मिलिमीटरच असते. एका टाचेनें किंवा होडीच्या नांगरानें कित्येक वर्षांची घडण मोडते. होडीवाल्यास नांगर कोठें टाकणार, हें आधींच विचारावें.

पावसाळ्यांत हे खेळ बंद असतात. मार्गशीर्षापासून माघापर्यंत, शुद्ध वा वद्य षष्ठी ते दशमी, असे दिवस निवडावे. आणि जागा नक्की करण्यापूर्वीं मुलांकडून पाऊणपट करवून घ्यावी.