बॉर्डरलाइन आणि नैराश्य : ‘नाटक’ नव्हे, दोन आजार

‘सकाळी मरणाच्या गोष्टी करत होती, संध्याकाळी मैत्रिणींशी हसत होती, हे कसलं नैराश्य?’ घर रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं असो वा चौबे कॉलनीतलं, गैरसमज सुरू होतो तो इथून. नेहमीच्या नैराश्यात उदासी किमान दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ टिकते. भूक मंदावते, पहाटेच झोप उडते, हालचाली संथ होतात. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या जोडीने आलेल्या नैराश्यात मात्र रितेपणा, स्वतःबद्दलची घृणा, राग आणि ‘मला सोडून जातील’ ही भीती ठळक असते. फोन उचलला गेला नाही एवढ्यानेही मन तासाभरात कोसळतं आणि मायेच्या एका शब्दाने सावरतं. पण दुःख लवकर पालटलं म्हणून ते उथळ ठरत नाही. असे रुग्ण प्रश्नावलीत स्वतः नोंदवतात तो त्रास डॉक्टरांच्या मोजपट्टीवर दिसतो त्याहून अनेकदा तीव्र असतो.

दुसरा गैरसमज असा की नैराश्य बरं झालं की स्वभावही ताळ्यावर येईल. अमेरिकेत मेरी झनारिनी यांच्या 1998च्या अभ्यासात बॉर्डरलाइनच्या दहापैकी आठांहून अधिक रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी तीव्र नैराश्य आलेलं आढळलं. म्हणजे ही जोडी दुर्मीळ नाही. जॉन गुंडरसन यांच्या 2004च्या पाठपुराव्यात बॉर्डरलाइनची लक्षणं कमी झाल्यावर नैराश्यही बऱ्याचदा ओसरलं. उलट क्रमाने तसं फारसं घडलं नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची 2009ची मार्गदर्शिकाही केवळ बॉर्डरलाइनसाठी औषधं वापरू नयेत असं सांगते. मग गोळ्या निरुपयोगी का? नाही. सोबतच्या नैराश्यावर त्या द्याव्या लागतात, आणि त्या मनाने बंद करणं धोक्याचं. मात्र त्यांना मानसोपचाराची जोड हवी. मार्शा लिनेहन यांच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीने स्वतःला इजा करण्याचं प्रमाण घटतं, हे 1991पासून अभ्यासांत दिसत आलं आहे.

‘असं नाव दिलं की कायमचा शिक्का बसतो,’ हा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण निदान एका भांडणावरून होत नाही. नऊपैकी किमान पाच लक्षणं आणि त्यांचा दीर्घकाळचा आकृतिबंध पाहावा लागतो. निदान टाळलं तर गोळ्या बदलत राहतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. शिवाय हा विकार कायमचा नसतो: झनारिनी यांनी दहा वर्षं पाठपुरावा केलेल्या रुग्णांपैकी 93 टक्क्यांची लक्षणं किमान दोन वर्षं निवळलेली होती.

सर्वांत घातक समज म्हणजे ‘लक्ष वेधण्यासाठी करते.’ पॉल सोलोफ यांच्या 2000च्या अभ्यासात आत्महत्येचे सर्वाधिक प्रयत्न दोन्ही आजार एकत्र असलेल्यांचे होते. म्हणून मरणाची प्रत्येक भाषा खरी माना. रायपुरात एम्स आणि मेकाहारा (आंबेडकर रुग्णालय) इथे मनोविकार विभाग आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. ‘नाटक करू नकोस’ असं म्हणण्याआधी तो फिरवा.