पावडरचा डबा : भाग ६ – पुण्याचा नमुना

आज बेबी पावडरवाल्या कंपनीच्या अमेरिकेतल्या दिवाळखोरीची गोष्ट सांगायची ठरली होती. आपल्यावरचे कॅन्सरचे सगळे खटले एका नव्या, कागदावरच्या कंपनीच्या पदरात टाकायचे आणि मग त्या कंपनीने हात वर करायचे, असा तो डाव. गोष्ट रंगतदार आहे आणि शिळी होणारी नाही. ती पुढच्या आठवड्यात. कारण मधल्या काळात कोथरूडच्या एका बाईंचं पत्र आलं. त्या लिहितात, ‘तुम्ही सारखं अमेरिका, अमेरिका करता. आपल्या पुण्यातल्या डब्यातच कॅन्सरचं काहीतरी निघालं होतं ना? सरकारनं कारखान्याचं लायसन्ससुद्धा काढून घेतलं होतं. त्याबद्दल एक अक्षर नाही!’

बाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं निम्म्या महाराष्ट्राच्या डोक्यात बसलं आहे, म्हणून हा सगळा भाग त्याच्यासाठी.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एफडीएने, पुणे आणि नाशिकमधून जॉन्सन्स बेबी पावडरचे नमुने उचलले. माल कंपनीच्या मुलुंडच्या कारखान्यातला होता. महिना लक्षात ठेवा. १४ डिसेंबर २०१८ लाच रॉयटर्सची ती गाजलेली बातमी आली होती : कंपनीच्या संगजिऱ्यात, म्हणजे टाल्कमध्ये, अधूनमधून ॲस्बेस्टॉसचे अंश सापडत होते आणि कंपनीला हे १९७० च्या दशकापासून ठाऊक होतं, असं त्या बातमीत कंपनीच्याच कागदपत्रांच्या आधारे म्हटलं होतं. कंपनीने ते तेव्हाही नाकारलं, आजही नाकारते. आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनीही त्या बातमीनंतर पावडर तपासली. त्या तपासणीत ॲस्बेस्टॉस मिळालं नाही आणि थांबवलेलं उत्पादन फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा सुरू झालं. तो विषय तिथे संपला.

पुण्याच्या आणि नाशिकच्या नमुन्यांचं प्रकरण वेगळं. ते नापास झाले ते सामूमध्ये, म्हणजे पीएचमध्ये. मातीपरीक्षणाच्या अहवालात पहिल्या ओळींत असतो तोच हा सामू. लहान मुलांच्या पावडरीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ५३३९. त्यात पावडर पाण्यात कालवून तिचा सामू मोजतात आणि तो ८ च्या वर जाता कामा नये. या पावडरीचा आकडा नऊच्या वर गेला. कंपनीने आव्हान दिल्यावर नमुना कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत गेला, तिथेही निकाल तोच लागला.

म्हणजे पुण्याचा डबा नापास झाला तो एका पेपरात आणि गावभर बोभाटा झाला तो दुसऱ्याच पेपराचा. सामू वाढला म्हणून कॅन्सर होत नाही. नवजात बाळाची त्वचा सुरुवातीला जवळपास उदासीन असते आणि पुढच्या काही आठवड्यांत आम्लधर्मी होते. पाचाच्या आसपासचं हे हलकं आम्ल म्हणजे तिचं जंतूंपासूनचं कवच. तिच्यावर रोज अल्कधर्मी पूड चोळली तर ती कोरडी पडण्याची, चुरचुरण्याची शक्यता वाढते, म्हणून ही मर्यादा. आठावरून नऊवर जाणं दिसायला एक पाऊल असलं तरी सामूच्या मोजपट्टीत ते दहापट असतं, तेव्हा एफडीएने आकडा गांभीर्याने घेतला यात चूक नाही. असं होतं कसं, तर संगजिरे जमिनीत एकटं नसतं. मॅग्नेसाइट, डोलोमाइट असे कार्बोनेटी सोबती त्याच्यात मिसळलेले असतात आणि पाण्यात ते अल्काची बाजू घेतात. खाणीचा थर बदलला, शुद्धीकरण थोडं ढिलं पडलं की आकडा हलतो. ॲस्बेस्टॉसचंही मूळ तिथेच आहे. तेही ट्रेमोलाइट, अँथोफायलाइट अशा नावांनी त्याच खडकांच्या शेजारी वस्तीला असतं. तरी एकाच खाणीच्या या दोन तक्रारी एकमेकींचा पुरावा होत नाहीत.

मग गोंधळ झाला कुठे? माझ्या मते कॅलेंडरने घात केला. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केलं की २०२३ पासून जगभर संगजिऱ्याची बेबी पावडर बंद करून मक्याच्या स्टार्चची विकणार. अमेरिका आणि कॅनडात ती २०२० मध्येच बंद झाली होती. लोक ही बातमी चघळत असतानाच, १५ सप्टेंबरला, महाराष्ट्र एफडीएने मुलुंडचा परवाना रद्द केला आणि पाच दिवसांनी उत्पादन आणि विक्री ताबडतोब थांबवण्याचा आदेश काढला. दोन्ही बातम्या घराघरांत एकच होऊन पोचल्या.

कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये नवे नमुने घेऊन तीन प्रयोगशाळांत तपासायला सांगितलं. तोवर बनवा, पण विकू नका. तिन्ही अहवाल मानकात बसले आणि ११ जानेवारी २०२३ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. डिगे यांच्या खंडपीठाने एफडीएचे आदेश रद्द केले. एका नमुन्यावरून कारखान्याला कुलूप ठोकणं खंडपीठाला अवाजवी वाटलं, शिवाय एफडीएच्या दिरंगाईवरही त्यांनी बोट ठेवलं. मला दिरंगाईचा मुद्दाच जास्त लागतो. २०१८ चा डबा आणि २०२२ चा आदेश! ज्या बाळांसाठी तो डबा घेतला असेल ती एव्हाना बालवाडीत जाऊन शिशुगीतं म्हणत होती. माल खरंच घातक होता असं धरलं तर ही चार वर्षं अक्षम्य ठरतात, आणि नव्हता असं धरलं तर परवाना कशासाठी रद्द केला, हे सांगणं अवघड होतं.

जाता जाता, याच मुलुंडच्या कारखान्यावर त्याआधीही एकदा कारवाई झाली होती, ती २०१३ मध्ये. २००७ सालचे पंधरा बॅच इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केले आणि वायूचा अंश उरला का, याची चाचणी केली नाही, असा आरोप होता. इथिलीन ऑक्साइड हा माणसात कर्करोग घडवणारा म्हणून सिद्ध झालेला वायू. म्हणजे नावानिशी कर्करोगकारक पदार्थ ज्या प्रकरणात होता ते कोणाला आठवत नाही, आणि सामूचं प्रकरण मात्र कॅन्सरचं म्हणून लक्षात राहिलं.

आता बाईंच्या पत्रातला दुसरा भाग, आणि खरं तर माझा जुना लाडका विषय. त्या विचारतात, ‘पावडर लावायची बाहेरून. ती ओव्हरीपर्यंत पोचेलच कशी?’

मानेला, पाठीला, काखेत लावलेली पावडर पोचत नाही. सगळा वाद जननेंद्रियाजवळ, आतल्या कपड्यांवर किंवा पॅडवर शिंपडलेल्या पावडरीचा आहे. अमेरिकेत कित्येक पिढ्या ही सवय सर्रास होती. वाट अशी : योनीतून गर्भाशय, तिथून गर्भनलिका, आणि नलिकेचं तोंड उघडतं थेट अंडाशयाशेजारी. स्त्रीच्या पोटाची पोकळी बाहेरच्या जगाशी जोडणारी ही एकमेव उघडी वाट आहे. १९६१ मध्ये एग्ली आणि न्यूटन या दोघांनी शस्त्रक्रियेच्या आधी तीन स्त्रियांच्या योनीमार्गात कोळशाचे बारीक कण ठेवले. अर्ध्या तासाच्या सुमारास दोघींच्या गर्भनलिकांत ते सापडले. १९७१ मध्ये कार्डिफच्या हेंडरसन आणि सहकाऱ्यांना अंडाशयाच्या तेरापैकी दहा गाठींत संगजिऱ्याचे कण दिसले. झालं, साखळी पूर्ण झाल्यासारखी वाटली. पण १९९६ मध्ये हेलर यांनी कर्करोग नसलेल्या चोवीस जणींची काढलेली अंडाशयं तपासली. बारा जणी पावडर वापरणाऱ्या, बारा न वापरणाऱ्या. कण सगळ्यांच्याच अंडाशयांत मिळाले! कण पोचतात हे पक्कं झालं, पण ते पोचले म्हणून आजार होतो, हे त्यातून सिद्ध झालं नाही.

त्यामुळे शेवटी आकड्यांकडेच यावं लागतं. आजारी बायकांना आणि निरोगी बायकांना ‘तुम्ही पावडर वापरत होता का?’ असं विचारणाऱ्या अभ्यासांत संबंध दिसतो. १९८२ मध्ये हार्वर्डच्या डॅनियल क्रेमर यांना धोका जवळपास दुप्पट दिसला. २०१३ मध्ये असे आठ अभ्यास एकत्र केले तेव्हा तो सुमारे २४ टक्क्यांनी जास्त भरला. अडचण आठवणीची आहे. कॅन्सर झालेली बाई ‘माझ्याच वाट्याला हे का आलं’ म्हणत आयुष्य उकरून काढते, निरोगी बाई तसं करत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका अभ्यासात तर, खटल्यांचा गाजावाजा सुरू झाल्यावर म्हणजे २०१४ नंतर ज्यांच्या मुलाखती झाल्या, त्यांच्यात हा संबंध आधीच्यांपेक्षा कितीतरी ठळक निघाला. पावडर तीच, बायका त्याच समाजातल्या. मधे आल्या त्या बातम्या.

म्हणून मी २०२० चा अभ्यास जास्त मानतो. त्यात आजार होण्याआधीच सवयी विचारून ठेवल्या होत्या. चार मोठ्या गटांतल्या अडीच लाखांवर स्त्रिया. जननेंद्रियाजवळ पावडर वापरणाऱ्यांत दर लाखामागे वर्षाला ६१ जणींना अंडाशयाचा कर्करोग झाला, न वापरणाऱ्यांत ५५ जणींना. वय वगैरे इतर फरक जमेस धरल्यावर वाढ ८ टक्के, आणि तीही योगायोगाने आलेली नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्यांचं गर्भाशय आणि नलिका शाबूत होत्या, म्हणजे वाट उघडी होती, त्यांच्यात मात्र ती १३ टक्के निघाली आणि तिथे योगायोगाची शक्यता कमी झाली. सगळ्या वादात मला सर्वांत बोलका वाटतो तो हा बारीक फरक.

आणि इथे आपल्याकडची एक गोष्ट कोणी विचारात घेत नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. दोन-तीन मुलं झाली की नलिका बांधायच्या, बहुतेकदा तिशीच्या आतच. म्हणजे अमेरिकी बाईची जी वाट चाळीस-चाळीस वर्षं उघडी राहिली, ती आपल्या कितीतरी आया-मावश्यांची ऐन तारुण्यात बंद झाली. या ऑपरेशनने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो हे तर पावडर बाजूला ठेवूनही दिसलं आहे. (त्याचं श्रेय पावडरीची वाट अडण्याला देऊ नका. यातले बरेच कर्करोग मुळात नलिकेच्या टोकाशीच सुरू होतात असं आता दिसतं आहे, आणि तो वेगळा अध्याय आहे.) तेव्हा अमेरिकी न्यायालयांतले आकडे जसेच्या तसे उचलून पुण्याच्या बाईला लावणं मला पटत नाही. ही माझी अटकळ आहे, कोणा समितीचा निष्कर्ष नव्हे.

समितीचा निष्कर्ष म्हणाल तर २०२४ च्या जुलैत फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संगजिऱ्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या २ए गटात टाकलं. तिचा त्याआधीचा, २००६ चा शेरा जननेंद्रियाजवळच्या वापरापुरता होता आणि तो एक पायरी खाली, ‘कदाचित’चा होता. हा बदल मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आणि पेशींवरच्या परिणामांतून आला. माणसातला पुरावा संस्थेने अजूनही मर्यादितच म्हटला आहे. २ए गटात ६५ अंशांहून गरम प्यायलेली पेयंही आहेत. अमृततुल्यातला चहा बशीत ओतून फुंकर मारून पिणारे आमचे आजोबा या बाबतीत काळाच्या पुढे होते. हा गट पुराव्याचा भक्कमपणा सांगतो, धोका केवढा आहे ते सांगत नाही.

बाईंनी शेवटी व्यवहाराचं विचारलं आहे : घरात अर्धा डबा आहे, काय करू? काखेत आणि पाठीला खुशाल संपवा. जननेंद्रियाजवळ, आतल्या कपड्यांवर, पॅडवर नको. तिथे तिचा उपयोग शून्य, मग एवढासाही धोका का घ्यायचा? नातवंडाला लावायचीच तर आधी आपल्या तळहातावर घ्या, तीही त्याच्या तोंडापासून लांब. बाळाच्या छातीत गेलेली पावडर हा अजिबात वादग्रस्त नसलेला धोका आहे, त्याने बाळं दगावली आहेत. नवा डबा घेताना मागची बारीक अक्षरं वाचा : टाल्क की स्टार्च.

पत्राच्या तळाशी त्यांनी सहज म्हणून एक ओळ लिहिली आहे, की त्यांची आई अंडाशयाच्या कर्करोगाने गेली आणि मावशीला स्तनाचा झाला होता. बाई, तुम्ही सहा पानांचं पत्र पावडरीवर लिहिलंत आणि महत्त्वाचं एका ओळीत उरकलंत. बीआरसीए-१ या जनुकात दोष असेल तर अंडाशयाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका चाळीस टक्क्यांच्या घरात जातो. सर्वसाधारण बाईचा तो एक-दीड टक्का. पावडरीचे आठ किंवा तेरा टक्के हे त्या एक-दीड टक्क्याचे आठ-तेरा टक्के आहेत, हे जरा कागदावर मांडून पाहा. हा आजार भारतीय स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगानंतर तिसऱ्या क्रमांकावर आहे. तो उशिरा सापडतो, कारण पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, सारखं लघवीला लागणं ही लक्षणं गॅसवर ढकलली जातात. डबा राहू दे बाजूला. या आठवड्यात कर्करोगतज्ज्ञांची वेळ घ्या, जनुकीय चाचणीबद्दल विचारा, आणि बहीण असेल तर तिलाही सोबत न्या.